आंबेमोहोराचा वास: नाकाला विचारायचा की यंत्राला?

मावळचा भातकरी: ‘सुवासिक भाताची निवड हुंगून करणं मागासलेपणाचं, जनुक तपासा आणि मोकळे व्हा’ हे कालचं लिखाण वाचून राहवलं नाही. भाताच्या सुवासाशी जोडलेलं बीएडीएच2 हे जनुक वास येणार का एवढं सांगतं. किती येणार ते दाणे भरतानाची थंडी, जमीन आणि वाळवण ठरवते. आंबेमोहोर 157 आणि आयआर 8 च्या संकरातली इंद्रायणी 1987 ची. या जनुकाचा पत्ता लागला 2005 मध्ये! म्हणजे ती हे जनुक न तपासताच निवडली.

लॅबवाली: काका, ओळीने हुंगून बघा एकदा. पानाचे तुकडे 1.7 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये टाकायचे, दहा मिनिटांनी झाकण उघडायचं, नाक लावायचं. थोड्या बशा झाल्या की नाक बधिर. सरांनी ‘तीव्र’ लिहिलेल्या बशीला मी ‘मंद’ लिहिलंय. यावर शेकडो झाडं ठेवायची की उपटायची?

भोरची माहेरवाशीण: ते वाण राहू द्या. पुण्यात आंबेमोहोर म्हणून परराज्यातला बारीक तांदूळ गळ्यात मारतात, त्याचं बोला. माहेरी भाताला उकळी आली की ओसरीवर कळायचं. इथे कुकर उघडला तरी काही नाही.

गिरणीवाला: ताई, जुना तांदूळ मागता आणि वास शोधता? साठवणीत वास उडतोच.

भोरची माहेरवाशीण: म्हणजे चूक गिऱ्हाइकाची? नव्याचे पैसे मोजून घेतला होता! पोत्यावर गाव आणि हंगाम लिहायला काय जातं तुमचं?

गिरणीवाला: सगळ्यांना एका माळेत ओवू नका. माझ्याकडे मुळशीचा मुळशीचाच मिळतो.

मावळचा भातकरी: मूळ मुद्द्यावर या. गांजाचं बघा. सगळे टर्पीनं, म्हणजे वनस्पतींना वास देणारी एक जातीची संयुगं, मोजत बसले. त्याचा स्कंक या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्यासारखा उग्र दर्प गंधकाच्या संयुगांचा, हे अमेरिकेतल्या रसायनतज्ज्ञांनी 2021 मध्ये दाखवलं. नाकाला तो दर्प आधीपासून कळत होता. यंत्राला काय मोजायचं तेच सांगितलेलं नव्हतं.

लॅबवाली: तो दर्प कशाचा, हे शेवटी यंत्रानेच सांगितलं ना? बरं, एवढं मानते: शेवटचे वाण शिजवून, माणसांना खाऊ घालूनच ठरवा. पण सुरुवातीच्या पिढ्यांत मार्करच, म्हणजे जनुकाची खूण तपासूनच निवड. आणि ताटलीवर वाणाचं नाव नको, फक्त आकडा. नाव दिसलं की सगळ्यांनाच आंबेमोहोर घमघमतो.

मावळचा भातकरी: आकडा चालेल. पण खाणाऱ्यांत रोज हा भात रांधणाऱ्या मावळातल्या बायका हव्यात, नुसते ऑफिसातले साहेब नकोत.

भोरची माहेरवाशीण: आणि भात पातेल्यात शिजवा, कुकरमध्ये नको.