‘टू’च्या पुढे ‘मीट’ की ‘मीटिंग’?

अनुस्वार:
कार्यालयीन पत्राच्या शेवटी मी आजवर ‘आय लुक फॉरवर्ड टू मीट यू’ असे लिहीत आलो. परवा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तेथे ‘मीटिंग’ अशी दुरुस्ती केली. ‘टू’च्या पुढे क्रियापदाचे मूळ रूप येते, असे शाळेत शिकल्याचे स्मरते, मग येथे ‘आयएनजी’ का लागावे?

लेखणी:
सहकाऱ्यांचे बरोबर आहे. शाळेतला नियमही खोटा नाही, पण तो ‘आय वॉन्ट टू मीट’सारख्या वाक्यांतील ‘टू’ला लागू पडतो. ‘लुक फॉरवर्ड टू’मधला ‘टू’ हे शब्दयोगी अव्यय असल्यामुळे त्याच्यापुढे नाम किंवा नामासारखे वापरलेले रूपच यावे लागते. शंका आली की त्या जागी एखादे नाम ठेवून पाहावे: ‘आय लुक फॉरवर्ड टू युअर रिप्लाय’ बिनतक्रार चालते, तर ‘आय वॉन्ट टू युअर रिप्लाय’ कानालाच खटकते. ‘युज्ड टू’च्या बाबतीत तर अर्थच पालटतो. ‘आय युज्ड टू राइट’ म्हणजे ‘मी पूर्वी लिहीत असे’ आणि ‘आय अ‍ॅम युज्ड टू रायटिंग’ म्हणजे ‘मला लिहिण्याची सवय आहे’.

जुना वाचक:
पत्रांतच आढळणारी दुसरी चूक म्हणजे ‘विथ रिगार्ड्स टू’. ‘संदर्भात’ या अर्थी ‘विथ रिगार्ड टू’ हवे. ‘रिगार्ड्स’ हा पत्राअखेरचा नमस्कार. मात्र ‘अ‍ॅज रिगार्ड्स’मधला ‘एस’ क्रियापदाचा आहे, त्याला हात लावू नये. ‘डिस्कस अबाउट’ बहुधा आपल्या मराठीतूनच शिरले असावे: आपण एखाद्या गोष्टीविषयी चर्चा करतो, पण इंग्रजीत ‘डिस्कस’ थेट कर्म घेते. ‘कोप अप विथ’मधला ‘अप’ही असाच आगंतुक, ‘कोप विथ’ पुरेसे आहे.

अनुस्वार:
आभारी आहे. नाम ठेवून पाहण्याची युक्ती पटली. जाता जाता विचारतो, पूर्ण मोकळीक या अर्थाच्या ‘फ्री रेन’मध्ये ‘जी’ हे अक्षर येते का?

लेखणी:
नाही. ‘जी’ घातला की राजाची कारकीर्द होते. मूळ चित्र लगाम सैल सोडलेल्या घोड्याचे आहे, म्हणून आर-ई-आय-एन. देवनागरीत दोन्ही ‘रेन’ एकसारखेच दिसतात, त्यामुळे येथे लिहिताना आपण सारेच सुरक्षित आहोत! ठरलेली शिस्त निमूट पाळणे या अर्थाच्या ‘टो द लाइन’चेही तसेच. त्यात दोरीने ओढणे (टी-ओ-डब्ल्यू) नाही, पायाचे बोट रेषेला टेकवून उभे राहणे आहे, म्हणून टी-ओ-ई.