मदत हवी आहे: ६० एलईडींच्या गोल पीसीबीवर ५ व्होल्टचा पुरवठा कसा फिरवावा?

नमस्कार. भिंतीवरच्या घड्याळासाठी मी एक गोल पीसीबी (इलेक्ट्रॉनिक भाग जोडण्याचा छापील सर्किट बोर्ड) तयार करत आहे आणि फाइली उत्पादनासाठी पाठवण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे. कडेने डब्ल्यूएस२८१२बी जातीचे (डेटाच्या तारेवरून प्रत्येकाचा रंग वेगळा ठरवता येणारे) ६० एलईडी आहेत आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास १६० मिमी, म्हणजे परीघ सुमारे ५०० मिमी आहे. बोर्ड दोन थरांचा असून तांब्याची जाडी नेहमीची, ३५ मायक्रॉन आहे. मध्यभागी ईएसपी३२ मॉड्यूल (वायफाय असलेला मायक्रोकंट्रोलर) बसेल. आराखडा कायकॅड या पीसीबी आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये काढला आहे.

खरी अडचण पुरवठ्याची आहे. तिन्ही रंग पूर्ण प्रखरतेने लागले की एक एलईडी सुमारे ६० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे सगळे मिळून ३.६ अँपिअर होतात. वेळ दाखवताना इतके एलईडी एकदम लागणार नाहीत आणि फर्मवेअरमध्ये मर्यादाही घालता येईल. पण याच बोर्डाचा पुढे रात्रीचा पांढरा दिवा म्हणून उपयोग करायचा असल्याने पूर्ण भार बोर्डाने स्वतःच पेलावा, असे मला वाटते.

या जाडीच्या तांब्यात १ मिमी रुंद आणि ५०० मिमी लांब ट्रॅकचा (तांब्याच्या पट्टीचा) रोध साधारण ०.२५ ओहम येतो. पुरवठा एकाच टोकाकडून दिला, तर वाटेतला प्रत्येक एलईडी आपला वाटा घेत जात असल्याने शेवटपर्यंतची व्होल्टेजची घट प्रवाह आणि रोध यांच्या पूर्ण गुणाकाराच्या निम्मी, म्हणजे ०.४५ व्होल्ट होते. ग्राउंडचा परतीचा ट्रॅकही तेवढाच अरुंद असेल तर ती ०.९ व्होल्टवर जाते. तयार एलईडी पट्टीवर हा परिणाम मी पाहिला आहे. सगळे एलईडी पांढरे केले की दूरच्या टोकाचे आधी पिवळसर आणि मग लालसर दिसू लागतात, कारण निळ्या आणि हिरव्या रंगाला सुमारे ३ व्होल्ट लागतात, तर लाल रंगाचे २ व्होल्टच्या आसपास भागते. त्या टोकाला पुरवठ्याच्या तारांची दुसरी जोडी जोडताच मल्टिमीटरवरचा आकडा वर आला आणि रंगही पूर्ववत झाला.

म्हणून पुरवठ्याचा ट्रॅक कड्यासारखा बंद करण्याचा माझा विचार आहे. एका ठिकाणी दिलेला प्रवाह मग दोन्ही बाजूंनी विभागून जातो आणि घट एक चतुर्थांशावर, सुमारे ०.११ व्होल्टवर येते. रुंदी ३ मिमी केली तर ०.०४ व्होल्टच उरते. खालचा थर पूर्ण ग्राउंडचा ठेवून प्रत्येक एलईडीजवळ त्याला व्हाया (दोन थर जोडणारी धातूचा मुलामा दिलेली छिद्रे) द्यायचे ठरवले आहे. शंका अशी, की एवढे मोठे बंद कडे ईएसपी३२च्या वायफाय अँटेनाभोवती असल्याने रेडिओला त्रास होईल का? अँटेनाखालचे तांबे काढावेच लागेल, त्यामुळे ग्राउंडच्या थरातही मध्येच खिडकी पडणार आहे. त्याऐवजी कडे एका जागी तोडून समोरासमोरच्या दोन ठिकाणी पुरवठा द्यावा, की मॉड्यूलच बोर्डाच्या कडेला नेऊन अँटेना बाहेर काढावी?

डेटाच्या बाबतीत माझा निर्णय जवळपास झाला आहे. ५ व्होल्टवर चालणाऱ्या या एलईडीला डेटा पिनवर किमान ३.५ व्होल्ट हवेत आणि ईएसपी३२ फक्त ३.३ व्होल्ट देतो. बऱ्याचदा तेवढ्यावरही काम चालते, पण त्या भरवशावर बोर्ड बनवणे मला पटत नाही, म्हणून मध्ये ३.३ व्होल्टचा सिग्नल ५ व्होल्टवर नेणारी ७४एएचसीटी१२५ ही चिप घालत आहे. तिच्या आउटपुटलगत ३३० ओहमचा रेझिस्टर आहे.

कपॅसिटरबद्दल एक छोटा प्रश्न आहे. पुरवठ्याच्या प्रवेशापाशी १००० मायक्रोफॅरडचा एक आणि प्रत्येक एलईडीजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा एक, असे सध्या ठेवले आहेत. एलईडींमधले अंतर जेमतेम ८ मिमी असल्याने दोन एलईडींमागे एकच कपॅसिटर ठेवला तर सोल्डरिंगला जागा मोकळी होते. तसे चालेल का?

या सर्वांत बंद कड्याचे उत्तर मला सर्वांत आधी हवे आहे, कारण मॉड्यूलची जागा त्यावरच ठरेल. असा गोल बोर्ड कोणी बनवला असल्यास त्यांनी ट्रॅकची रुंदी आणि पूर्ण पांढऱ्या प्रकाशात सर्वांत दूरच्या एलईडीवर मोजलेले व्होल्टेज कृपया कळवावे.