डिस्नेची क्रूझ सोडून रॉयल कॅरिबियनला जावं का? सोबत सासूबाई आणि त्यांचा चातुर्मास

अबोली_एडिसन

नमस्कार मंडळी. क्रूझवर जाऊन आलेल्यांनाच विचारतेय, त्यामुळे "त्यापेक्षा कोकणात जा" हा सल्ला प्लीज नको. डिसेंबरात तिथेच होतो.

आम्ही पक्के डिस्नेवाले. थोरली तीन वर्षांची झाली, म्हणजे किड्स क्लबात घेतात त्या वयाची, तेव्हापासून मोठी सुट्टी म्हणजे विमानाने ऑरलँडो आणि तिथून पोर्ट कॅनाव्हेरल बंदर हे ठरलेलं. गेल्या वर्षी घर घेतलं. हप्ते सुरू झाले, त्यात थोरलीच्या दातांना तारा लागल्या. यंदा, म्हणजे 2026 च्या उन्हाळ्यात, सासू-सासरेही असणार. सहा माणसं, दोन केबिन, सात रात्री. नवऱ्याने एक्सेल उघडलं. डिस्नेचा आकडा 14 हजार डॉलरच्या वर, विमानाची सहा तिकिटं वेगळी. रॉयल कॅरिबियन आमच्या न्यू जर्सीतल्या बेयॉनच्या केप लिबर्टी बंदरातूनच सुटते, घरापासून फार तर पाऊण तास, आणि आकडा साडेआठ हजारांच्या आसपास. "यात विचार करण्यासारखं आहे काय?" असं म्हणून त्याने लॅपटॉप मिटलासुद्धा.

आहे ना विचार करण्यासारखं! सासूबाई चातुर्मास पाळतात. कांदा, लसूण, वांगं बंद. डिस्नेवर रोज रात्री वेगळ्या रेस्टॉरंटमध्ये जेवण असतं, पण वाढणारे तेच, ते आपल्याबरोबर फिरतात. मागच्या वेळी पहिल्या रात्री मी त्या मुलाला जेमतेम समजावलं होतं. दुसऱ्या रात्री सासूबाईंसमोर साधं वरण, जिऱ्याची बटाट्याची भाजी आणि भात. मेनूकार्डावर यातलं काहीही नव्हतं. तिसऱ्या रात्री वाकून विचारतो, "मम्मीजी, चावल और थोडा नरम?" तेव्हापासून सासूबाई घरी माझ्या भातालाही नावं ठेवायला लागल्या आहेत, पण ते जाऊ दे.

शिवाय केबिनमधल्या दोन न्हाणीघरांची सवय झालीय. एकात कमोड आणि बेसिन, दुसऱ्यात शॉवर आणि बेसिन. चार माणसांच्या सकाळी ही चैन काय असते ते मुलं असलेल्यांनाच कळेल. आणि धाकटा! वय वर्षं आठ. पायरेट नाइटला डोक्याला बांधायला दिलेला लाल रुमाल अजून उशाखाली घेऊन झोपतो. त्याला "यंदा मिकी नाही" हे कोण सांगणार?

तर ज्यांनी बदल केलाय त्यांनी सांगा. साडेआठ हजार खरंच साडेआठ राहतात का? आणि सासूबाईंच्या ताटाचं काय?

---

ह्यूस्टनची_काकू

अगं अबोली, नाही राहत. पण 14 सुद्धा होत नाहीत.

आम्ही गॅल्व्हेस्टनहून जातो. डिस्नेही केलं आहे, रॉयलही, आणि दोन्हीकडचा शेवटच्या दिवसाचा हिशेब मी वहीत लिहून ठेवते. डिस्नेवर जेवताना कोक-स्प्राइट मिळतं, वर डेकवरच्या मशीनमधूनही हवं तितकं भरून घ्या. रॉयलवर पाणी, साधा चहा-कॉफी, लिंबू सरबत फुकट, पण कोकसाठी पॅकेज घ्यावं लागतं. तुझ्या तेरा-चौदा वर्षांच्या लेकीला विचारून बघ, कोकशिवाय आठवडा काढते का. वायफाय दोन्हीकडे विकतच. टिपही दोन्हीकडे वेगळीच. रॉयलवर साध्या केबिनला माणशी रोज साडेअठरा डॉलर, लहान-मोठं सगळ्यांना सारखंच. साडेअठरा गुणिले सहा गुणिले सात, म्हणजे 777. हे तुझ्या नवऱ्याच्या एक्सेलमध्ये आहे का बघ. बहुतेक नसेल, बुकिंगच्या पहिल्या पानावर दिसत नाही ते.

किड्स क्लब दिवसभर फुकट, पण रॉयलवर रात्री दहानंतर तासाचे पैसे. डिस्नेवर बारापर्यंत फुकट असायचं. बहामातल्या रॉयलच्या कोकोके बेटावर समुद्रकिनारा, मोठा पूल, दुपारचं जेवण सगळं तिकिटातच, फक्त उंच घसरगुंड्यांचं वॉटर पार्क वेगळं, आणि ते स्वस्त नाही. ते घेऊ नका, मुलांना पूल पुरतो.

कंपनीपेक्षा जहाज कुठलं ते आधी बघ. रॉयलची मोठी जहाजं, म्हणजे 2009 च्या ओएसिसपासून पुढची त्या जातीची, म्हणजे एक गावच आहे तरंगतं. बर्फावरचं स्केटिंग, झिपलाइन, लाटांवर उभं राहायचं फ्लोरायडर, सगळं फुकट. थोरली तिथेच रमेल. तिच्या वयाला मिकीपेक्षा हेच बरं. पण त्याच कंपनीची नव्वदच्या दशकातली लहान जहाजंही अजून फिरतात, त्यांच्यावर यातलं बरंचसं नाही. स्वस्त दिसलं म्हणून त्यातलं एखादं घेशील आणि मग "रॉयल आवडली नाही" म्हणशील. आणि हो, कॅसिनो असतो. डिस्नेवर नाही. सासऱ्यांना पत्त्यांचा नाद असेल तर खर्चात तोही धर.

आता मुख्य गोष्ट. कालनिर्णय उघड. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे आषाढी एकादशी 25 जुलैपर्यंत गेलीय. तुमच्या शाळा जूनअखेर सुटतात. चार जुलैचा आठवडा महाग असतो तो सोड, त्यानंतरची एखादी घे आणि 25 च्या आत घरी या. चातुर्मास सुरूच झालेला नसेल! सासूबाईंना कांद्याची भजी खाऊ दे की जहाजावर.

---

नेमस्त_पुणेकर

चार रात्रींची डिस्ने घ्या, सातऐवजी. पैसेही वाचतात, मिकीही राहतो, आणि सहा माणसं एका जागी सात दिवस म्हणजे जहाज कितीही मोठं असो, मला शंका आहे.

---

अबोली_एडिसन

काकू, आषाढीचं डोक्यातच आलं नव्हतं! पण अडचण अशी की सासूबाई एकादशीच्या आधीपासूनच "सवय होऊ दे" म्हणून सोडतात. आणि मुळात अंड्याला तर कधीच हात लावत नाहीत. त्यामुळे ताटाचा प्रश्न आहेच.

पुणेकर, चार रात्रींसाठीही सहा विमानतिकिटं लागतातच ना. खरा खर्च तिथेच आहे.

---

तारवटी_वेंगुर्ला

ताई, मी प्रवासी म्हणून नाही, कामाला होतो. आयुष्याची बरीच वर्षं वेगवेगळ्या जहाजांच्या गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात गेली, आता गावाक बसून हापूस विकतंय. त्यामुळे ताटाचं मी सांगतो.

पहिलं, बुकिंग करताना जेवणाची वेळ निवडायची असते. दोन प्रकार असतात. रॉयलवर एकाला माय टाइम म्हणतात, कधीही या, जिथे जागा असेल तिथे बसा. दुसरं ट्रॅडिशनल, म्हणजे रोज तीच वेळ, तेच टेबल, तोच वेटर. लोक मोकळीक म्हणून माय टाइम घेतात. तुम्ही घेऊ नका. तुम्हाला डिस्नेवर जे मिळालं ते त्या मुलाने तुम्हाला ओळखलं म्हणून मिळालं. रोज नवा वेटर आला की रोज पहिल्यापासून शिकवणी. एका कंपनीत, नाव सांगत नाही, मी बघितलंय, राजकोटची एक आजी तीन रात्री ब्रेड-बटर आणि कलिंगडावर होती, कारण दर रात्री तिच्या सुनेला नव्या माणसाला सुरुवातीपासून सांगावं लागायचं आणि तोपर्यंत गॅलीत वेळ निघून गेलेली. ट्रॅडिशनलमधली लवकरची पाळी घ्या, सासूबाईंनाही बरी.

दुसरं, त्याच रात्री मागितलं तर काही मिळत नाही असं समजा. आदल्या रात्री जेवण झाल्यावर हेड वेटरला बोलवा, वेटरला नाही, हेड वेटरला, आणि उद्याचं सांगा. तो लिहून घेतो, कागद गॅलीत जातो, सकाळच्या शिफ्टला डाळ वेगळी काढली जाते. वरण, भात, बटाटा, भेंडी, एवढं साधं सांगा. पुरणपोळी मागू नका, आम्ही पण माणसं आहोत.

तिसरं, बुफेतली दाल आणि करी. असतेच रोज, वासही छान येतो. पण तिचा मसाला मोठ्या पातेल्यात एकदाच होतो आणि त्यात कांदा-लसूण असतोच. "नो अनियन" म्हटल्यावर समोरचा मुलगा वरचा तळलेला कांदा बाजूला करून देईल, त्याचा दोष नाही. सासूबाईंना ती देऊ नका. आणि नुसतं व्हेज म्हणू नका, तिकडे अंडं व्हेजमध्ये धरतात. अंडंही नको हे वेगळं सांगायचं. "जैन" म्हटलं की गॅलीत लगेच समजतं, पण मग बटाटाही जाईल, आणि बटाट्याशिवाय सासूबाईंचं कसं होणार ते तुम्हीच बघा.

तुम्हाला वाटत असेल की डिस्नेवरच आपली माणसं. तसं नाही. कुठल्याही मोठ्या जहाजावर खाली क्रू मेसमध्ये रोज भात आणि डाळ शिजतेच, कारण खायला आम्ही असतो. गोव्याचे, मंगळूरचे, मुंबईचे, आमच्या सिंधुदुर्गातले पोरगे सगळ्या कंपन्यांत आहेत. पहिल्या दिवशी छातीवरचा बिल्ला वाचा, नावाखाली देश लिहिलेला असतो. इंडिया दिसलं की मराठीत बोलून बघा. एखादा तरी "खंयचे तुम्ही?" म्हणून थांबेल.

आणि काकूंनी टिपेचं लिहिलं ते बरोबर, पण एक सांगतो. काही लोक शेवटच्या रात्री काउंटरवर जाऊन ती टिप काढून टाकतात आणि मग व्हॉट्सॲपवर "असे वाचवा पैसे" म्हणून सांगतात. तसलं करू नका. ज्याने भात नरम करून आणला त्याच्या पगाराचा मोठा भाग तोच असतो.

---

बे_एरिया_बाबा

मूळ प्रश्न कंपनीचा आहे, पण एक गोष्ट कुणी बोललं नाही. तुम्ही एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असाल आणि पासपोर्टातला व्हिसा संपलेला असेल, तर बहामाच्या क्रूझवर चढू नका. जुन्या स्टॅम्पवर तीस दिवसांच्या आत परत येण्याची सवलत एच-वनला कॅनडा आणि मेक्सिकोपुरतीच आहे, बेटांसाठी नाही. क्रूझ न्यू जर्सीहून सुटून न्यू जर्सीलाच परत येते म्हणून देश सोडलाच नाही असं होत नाही. सासू-सासऱ्यांच्या व्हिसावरही अनेक वेळा प्रवेशाची नोंद आहे ना बघा.

---

ह्यूस्टनची_काकू

आणि धाकट्याचं राहिलं. अबोली, तो आठ वर्षांचा आहे, रॉयलच्या क्लबात त्याच्या वयाच्या मुलांच्या गटात बसेल. तिथे मिकी नसतो हे खरंच. आमचा नातू पहिल्या दिवशी तोंड पाडून होता, दुसऱ्या दिवशी त्याला तिथून ओढून आणावं लागलं, कारण एका ब्राझीलच्या मुलाशी मैत्री झाली होती आणि दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तू त्याला "स्वस्त पडतं म्हणून" असं सांगू नकोस. मुलं ते वाक्य वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात आणि पाहुण्यांसमोर म्हणून दाखवतात. "या जहाजावर लाटेवर उभं राहायचं मशीन आहे" एवढं सांग. उंचीची अट असते त्याला, आधी दाराच्या चौकटीला उभा करून मोज आणि मगच बोल.

डिस्नेच्या कॅस्टअवे क्लबातलं, म्हणजे परत परत जाणाऱ्यांना मिळतं ते तुझं स्टेटस रॉयलवर चालणार नाही, शून्यापासून सुरुवात. दुसऱ्या कंपनीतलं स्टेटस धरून घेते ती एमएससी, आणि ती ब्रुकलिनहून सुटते, तुला तेही जवळच. मुलं फुकट अशी जाहिरात त्यांची वरचेवर असते, पण बंदराचे कर मुलांचेही भरावे लागतात. मी त्यांच्याबरोबर गेले नाही, त्यामुळे जेवणाचं सांगत नाही.

---

अबोली_एडिसन

सगळ्यांना धन्यवाद, विशेषतः तारवटीदादांना. नवऱ्याला हे सगळं वाचून दाखवलं. 777 एक्सेलमध्ये नव्हते. कोक, वायफाय, टिप धरून आमचा आकडा साडेदहा हजारांच्या पुढे गेला, तरी डिस्नेपेक्षा बराच खाली. व्हिसाची भानगड नाही, आमचं ग्रीन कार्ड आहे आणि सासू-सासऱ्यांचा दहा वर्षांचा आहे.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातली धरतोय, लवकरचं ट्रॅडिशनल जेवण. दोन केबिन शेजारी मिळाल्या, मधलं दार उघडणाऱ्या, म्हणजे दोन न्हाणीघरं झालीच की. ते आधी सुचलं असतं तर अर्धी तक्रार लिहिलीच नसती. धाकट्याला चौकटीला उभा केला, फ्लोरायडरवर झोपून जाण्याइतका उंच आहे, उभं राहण्याइतका नाही. तूर्तास "आडवं" एवढाच शब्द वगळून सांगितलंय.

दादा, एक शेवटचं. सासूबाई विचारतायत, सोबत छोटा राइस कुकर आणि डिंकाचे लाडू नेले तर?

---

तारवटी_वेंगुर्ला

कुकर नको ताई. कुकर, किटली, इस्त्री, तापणारं काहीही बंदरावर बॅग तपासतानाच काढून घेतात, आगीची भीती. कंपनी कुठलीही असो. रॉयलवर एक्स्टेंशन बोर्डही घेतात काढून.

लाडूंचं कठीण आहे, घरी केलेलं चालत नाही म्हणतात. दुकानातला बंद पाकिटातला चिवडा, बाकरवडी, खाकरा न्या, त्याला कुणी काही म्हणत नाही. फक्त बेटावर उतरताना फळं खिशात ठेवू नका, सासूबाईंना खास सांगा. बुफेतलं केळं पिशवीत घालून उतरणाऱ्या आज्या आम्ही गँगवेवर, म्हणजे उतरायच्या वाटेवर रोज बघायचो.