प्रतिसाद: वॉरंटी संपली म्हणजे सगळं संपलं?

वर कुणी म्हटलंय, 'कार्डावरची मुदत संपली की दुकानदार सुटला.' तसं नाही हो. १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम १६ बघा: वस्तू कशासाठी हवी हे सांगून, विक्रेत्यावर विसंबून घेतली, तर ती त्या कामाला योग्य हवी. न लिहिलेली हमीच ती.

आमच्या नवी मुंबईतल्या ऐरोलीत एसीची कॉइल गळते, मेकॅनिक खाडीच्या हवेवर ढकलून मोकळा! अहो, विकताना दुकानदाराला पत्ता ठाऊक होता ना? म्हणजे एसी कुठल्या हवेत चालायचा हेही ठाऊक होतं.

खरी गोम पुढे आहे. ब्रँडचं नाव घेऊन मागितलं की योग्यतेची हमी नाही. शिवाय याच कायद्याच्या कलम ६२ मुळे करारात लिहून अशा सगळ्याच न लिहिलेल्या हमी वगळता येतात. ब्रिटनने १९७३ मध्येच ग्राहकविक्रीत ही पळवाट बंद केली. आपल्याकडेही ६२ ला ग्राहकांपुरता लगाम हवा.