मदत हवी आहे: डीएनए पटलाच्या आत असूनही हा जीवाणू आदिकेंद्रकीच कसा?

नमस्कार मंडळी. मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते. आदिकेंद्रकी पेशीत पटलाने वेढलेलं केंद्रक नसतं, डीएनए पेशीद्रवातच असतो, दृश्यकेंद्रकी पेशीत मात्र तो केंद्रकात असतो, असं आपण सगळेच सांगतो. परवा एका मुलीने थायोमार्गारिटा मॅग्निफिकाचं नाव काढलं. कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटांवरच्या खारफुटीत सापडलेला हा जीवाणू 2022 साली गाजला होता. त्याची एकच पेशी सेंटीमीटरभर लांब, नुसत्या डोळ्यांनी दिसणारी! शिवाय त्याचा डीएनए पटलाच्या बारीक पिशव्यांत असतो. त्यांना ‘पेपिन’ म्हणतात.

“बाई, मग याला दृश्यकेंद्रकी का नाही म्हणायचं?”

इतका रास्त प्रश्न ‘अपवाद आहे’ म्हणून टोलवायचा नाहीये मला. रायबोझोमच्या, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या कणांच्या, आकारातला फरक (आदिकेंद्रकीत 70एस, दृश्यकेंद्रकीत 80एस) सांगता येईल, पण ते पाठांतर झालं, तिला कारण हवंय. कसं समजावू?

आणखी एक. शाळेत धड चालणारा सूक्ष्मदर्शक एकच आहे, 40एक्सच्या वस्तुभिंगापर्यंतचा. दोन्ही प्रकारच्या पेशी एकाच काचपट्टीवर दाखवता येतील का?

प्रतिसाद:

ताई, मुलगी हुशार आहे, तिला पुढचं नक्की सांगा. पेपिनमध्ये डीएनएच्या सोबतीला रायबोझोमही असतात. आपल्या पेशीत केंद्रकाचं पटल नेमकी हीच जोडी फोडतं. डीएनएची प्रत असलेला आरएनए आत तयार होतो, त्याची काटछाट आतच होते, मग तो छिद्रांतून बाहेर येतो आणि रायबोझोम त्यावरून प्रथिनं बनवतात. जीवाणूंमध्ये आरएनए पुरता तयारही झालेला नसतो, तोवर रायबोझोम त्यावर चढून कामाला लागलेले असतात. म्हणून पटल कुणाला कुणापासून वेगळं करतंय, हे तिला शोधायला लावा. बाकी जनुकांवरून लावलेल्या वंशावळीतही थायोमार्गारिटा जीवाणूंमध्येच बसतो.

काचपट्टीचं म्हणाल तर गालाच्या आतली बाजू टूथपिकने अलगद खरवडा, निघेल ते काचपट्टीवर पसरवा आणि त्यावर मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचा थेंब टाका. मोठी, चपटी, फिकट पेशी दिसेल, मधे गडद निळं केंद्रक. तिच्या अंगावर आणि आजूबाजूला अगदी बारीक निळे ठिपके, कुठे काड्या दिसतील. मुलं त्यांना कचरा समजतात, पण त्यातले बरेचसे तोंडातले जीवाणू असतात. प्रकाश थोडा कमी केलात तर जास्त उठून दिसतील. प्रत्येकाने आपलाच गाल खरवडायचा, आणि वापरलेल्या टूथपिक लगेच ब्लीचच्या पाण्यात टाका.