नागपूरच्या जुन्या सावजी खानावळीत पुण्याचे पाहुणे न्यायचे आहेत: कधी जायचं, किती आणि कसं मागवायचं?

रामदासपेठकर

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्याहून आठ जण येताहेत. त्यात दोन मुलं (७ आणि १० वर्षांची), पंचाहत्तरीच्या एक आजी आणि एक शाकाहारी. उरलेले चौघं मटणाचे शौकीन, पण त्यांचं सगळं माप कोल्हापुरी रश्श्याचं. एसी आणि पनीर टिक्कावालं 'सावजी फॅमिली रेस्टॉरंट' नको आहे. बाकं टाकलेली, फळ्यावर पदार्थ लिहिणारी जुनी खानावळ हवी. नावं सुचवू नका, त्यावरून इथे भांडणं होतात. कधी जायचं, किती प्लेट सांगायच्या, तिखट कमी करून मिळतं का, आणि खानावळ बरी आहे हे बसायच्या आधी कसं ओळखायचं, एवढं सांगा.

गोळीबार_चौक

तिखटापासून सुरू करतो, कारण सगळा घोळ तिथेच होतो. जुन्या खानावळीत "कमी तिखट करा" म्हणून उपयोग नाही. तिथे गिऱ्हाईक आल्यावर काही शिजत नाही. दुपारसाठी एक पातेलं, रात्रीसाठी दुसरं, आणि त्यात मटण पहिल्यापासून मसाल्यातच शिजतं. आधी अळणी उकडून मग फोडणी, असा प्रकार नाही; म्हणून पांढरा रस्साही नाही, पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा. फार आग्रह धरलात तर वाटीत गरम पाणी ओतून देतील. त्याने चव पातळ होते, झणका फारसा उतरत नाही. मिरचीचा जाळ तेलात उतरलेला असतो, त्यामुळे सगळ्यात जहाल भाग म्हणजे वरची तर्री. वाढणाऱ्याला सांगा, "तर्री बाजूला सारून खालचा रस्सा द्या." हे ते बिनतक्रार करतात, आणि फरक चांगलाच पडतो.

दुसरी गोष्ट, सावजीचा जाळ दोन टप्प्यांत येतो. मिरची जिभेला लगेच कळते. मिरी, लवंग घशात जरा उशिरा कळतात. नवीन माणूस पहिल्या चार घासांत "एवढं काही नाही हो" म्हणतो, वाटीभर तर्री ओढतो आणि मग ठसका लागतो. पहिली वाटी पोळीबरोबर सावकाश संपू द्या, मग दुसरी. पाण्याने आग शमत नाही, कारण तो तिखट अंश पाण्यात विरघळत नाही. दूध, दही, ताक चालतं. पण ते अशा ठिकाणी मिळेलच असं नाही. येताना डेअरीतून दोन लिटर ताक घ्या आणि मालकाला विचारून टेबलावर ठेवा.

प्रमाण: बहुतेक ठिकाणी मटणाच्या प्लेटीत चार-पाच फोडी येतात. तुमच्या चौघांसाठी आणि आजींसाठी मिळून पहिल्या फेरीत रस्सा तीन, सुकं एक, खिमा गोळी एक. बस्स. पुढचं नंतर. एकदम सात-आठ प्लेट मांडल्या की डिसेंबरच्या थंडीत बोकडाची चरबी ताटातच थिजते, आणि थिजलेली तर्री टाळूला चिकटते. नुसता रस्सा वेगळा मिळतो, तो भातासाठी शेवटी घ्या.

ओळखायचं कसं? पाटीवरचं 'अस्सल' वाचू नका, ते सगळेच लिहितात. फळा पाहा. संपलेल्या पदार्थावर काट मारलेली असेल तर माल रोजच्या रोज होतो. रस्सा काळपट तपकिरी हवा. हा रंग भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा, कांद्याचा आणि खड्या मसाल्याचा. भडक लाल दिसला तर रंगाची मिरची सढळ पडली आहे. वाटणाचा किंचित रवाळपणा जिभेला लागला पाहिजे आणि दगडफुलाचा वास आला पाहिजे. दाटपणा थोड्या ज्वारीच्या पिठाचा असतो. टोमॅटोची आंबट-गोड चव लागली तर तुम्ही पनीर टिक्क्याच्याच गल्लीत आहात.

तर्रीबाज

भाऊंनी सगळं बरोबर सांगितलं, पण वेळ सांगायची राहिली न. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असते, बाप्पा! मुंबईचे साहेब लोक, त्यांचे ड्रायव्हर, कार्यकर्ते, सगळे रात्री सावजीतच. आठ जणांची जागा रात्री नऊला भेटत नाई. दुपारी साडेबारा नाहीतर संध्याकाळी साडेसात, बस. रविवार, बुधवार, शुक्रवार गर्दीचे, पण त्याच दिवशी पातेलं मोठं असते अन् लवकर उठते. सोमवारी, गुरुवारी जागा भेटन, पण मटण कमी बनवते. दोन वाजता गेले तं फळ्यावर सगळी काट.

अन् खूर काऊन नाही सांगितलं? खूर, मुंडी हेच तं खरं खाणं आहे. फक्त पहिल्या तासात मागा, संपून जाते. खुराचं एकच पाहायचं: हाडावरचं चिकट बोटानं सुटलं पाह्यजे. ओढा लागत असन तं कमी शिजलं, परत करा, मालक रागावत नाई. कलेजी मात्र विचारूनच घ्या, "आत्ता टाकली का?" पातेल्यात राहिलेली कलेजी रबर होते.

कोष्टीपुरा

शाकाहारी पाहुण्यांबद्दल कोणी बोललं नाही. ताई, त्यांना पाटवडी रस्सा किंवा डाळकांदा मिळेल, आणि दोन्ही पदार्थ दुय्यम नाहीत. पण मसाला तोच, कढई शेजारी-शेजारी, पळी कधी कधी एकच. काही ठिकाणी पाटवडी मटणाच्या रश्श्यातही देतात, कारण तशी मागणारे बरेच आहेत. "साध्या रश्श्यातली" असं स्पष्ट सांगा. पाहुणे कडक शाकाहारी असतील तर त्यांना इथे आणूच नका, घरी वेगळं जेवू घाला. पाटवडी वाढताना रश्श्यात सोडतात. आधीपासून बुडवून ठेवली तर बेसन विरघळून रस्सा पिठूळ होतो. तशी आली तर बदलून मागा. डाळकांद्यात हरभऱ्याची डाळ अख्खी दिसली पाहिजे, पण बोटाने दाबली की मोडली पाहिजे.

मुलांसाठी रश्श्यात टाकण्याआधीची उकडलेली अंडी बाजूला काढून ठेवायला सांगा, पोळीबरोबर तीच द्या. गूळ घरून न्या. आजींना सुकं मटण नको, मसाला त्यात आटून बसलेला असतो. खालच्या रश्श्यातली नळी आणि मऊ फोड द्या, ज्वारीची भाकर कुस्करून. भाकर बऱ्याच ठिकाणी सांगितल्यावरच टाकतात, म्हणून बसल्या-बसल्या सांगा.

आणि पाहुण्यांना जागेबद्दल आधी कल्पना द्या. या खानावळी हलबा कोष्टी, म्हणजे विणकरांच्या, घरांतून निघाल्या. १८७७ साली एम्प्रेस मिल ही कापडगिरणी सुरू झाली, हातमागाचे दिवस फिरले, पुढे गिरण्याही थकल्या, आणि घरच्या चुलीवरचा मसाला पोटाचा आधार झाला. म्हणून कित्येक जागा म्हणजे घराची पुढची खोलीच. आठ जणांना सलग टेबल मिळणार नाही, चार-चार बसा. हात धुवायला रांग लागते.

रामदासपेठकर

कामाचं आहे सगळं, आभार. तीन शंका राहिल्या: चौघांपैकी दोघं बिअर चालते का विचारताहेत. "आपलं मटण आणा, बनवून मिळेल" अशी पाटी काही ठिकाणी दिसते, ते बरं पडेल का? आणि पुण्याला रेल्वेने पार्सल टिकेल का?

गोळीबार_चौक

बिअर: विचारू नका. जुन्या जागी बायामाणसं रांधतात, घर आतच असतं. बाटली काढलीत तर उठवतील, आणि ते योग्यच आहे.

मटण आणून देणं आठ जणांना उत्तम, कारण तिखट तेव्हाच ठरवता येतं. पातेलं तुमचंच असतं. मटण खाणारे पाच धरा, सव्वा किलो पुरे. खांदा आणि सीना अर्धा-अर्धा घ्या, वर दोन-तीन नळ्या. नुसती मांडी घेऊ नका, कोरडी पडते. फोडी मोठ्या करायला सांगा, किलोच्या वीस-बावीस. लहान फोड हाडापासून सुटून रश्श्यात विरते. दोन तास आधी पोचवा, आणि मजुरी किलोवर की पातेल्यावर ते तेव्हाच विचारून घ्या. तेल कुठलं घालणार तेही विचारा. पूर्वी जवसाचं असायचं, आता बहुतेक सोयाबीनचं. जवसाचा वास सवय नसलेल्याला उग्र लागतो.

तर्रीबाज

पार्सल रस्सा नका नेऊ. रात्रभराच्या गाडीत डबा एकदा कलंडला का अख्खी बोगी शिव्या देते. सुकं न्या, स्टीलच्या डब्यात, पुरतं थंड करून. गरम बंद केलं तं सकाळपर्यंत आंबते. पुण्यात गरम करताना वरून थंड पाणी नाई टाकायचं, उकळतं टाका, नाहीतर तर्री वर येत नाई. त्याच्यापेक्षा इतवारीत मस्कासाथेतून खडा मसाला अन् भिवापुरी मिरची बांधून द्या. दगडफूल मात्र वेगळ्या पुडीत मागा, हलकं असते, मिसळलेल्या मसाल्यात दुकानदार कमी टाकते. अन् खोबरं पुण्यातच भाजायला सांगा. इथून भाजून नेलेलं आठ दिवसांत खवट होते.