विषय: कोइंब्राचा एक दिवस : चढ, तिकिटं आणि पोथ्या

नमस्कार मंडळी,
लिस्बनच्या सहलीत एक दिवस कोइंब्राला, म्हणजे पोर्तुगालमधल्या जुन्या विद्यापीठाच्या गावाला, ठेवलाय. निम्मे सभासद साठीपुढचे आहेत. विद्यापीठाची तिकिटं तिथे पोचून काढली तर चालतील का? चढ कितपत आहे? आणि तिथे जुन्या मराठी पोथ्या आहेत म्हणतात, त्या बघता येतील का?
– सहल समिती

> तिकिटं तिथे पोचून काढली तर

नको. विद्यापीठाच्या जुन्या जोआनिना ग्रंथालयात तिकिटावरच्या वेळेलाच आत सोडतात. वेळ हुकली की बहुधा दार बंदच, आणि गर्दीच्या दिवशी पुढची वेळही मिळत नाही. म्हणून ही वेळ आधी ऑनलाइन पक्की करा आणि बाकीचा दिवस तिच्याभोवती बसवा. राजवाडा आणि सेंट मायकेलचं चॅपल त्याच तिकिटात, तेही आधी-नंतर निवांत पाहता येतात.

ग्रंथालय 1717 ते 1728 दरम्यान बांधलेलं. भिंती दोन मीटरहून जाड, दार सागवानी. आत वटवाघळं राहतात, रात्री ती पुस्तकांना लागणारे किडे खातात. त्यांची विष्ठा पडते म्हणून संध्याकाळी टेबलांवर चामडं पसरून ठेवतात. मुख्य दालनात फोटो काढू देत नाहीत. ज्येष्ठांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर दारातच वाद होतात.

चढाचं म्हणाल तर चढूच नका. गाडी कोइंब्रा-बी स्टेशनला थांबते, गावाचा मध्य तिथून दोनेक किलोमीटर. (गावातलं जुनं 'ए' स्टेशन 2025 मध्ये बंद झालं, जुन्या गाइडबुकांवर विसंबू नका.) टॅक्सीने थेट विद्यापीठाच्या चौकात जा आणि पायी खाली उतरत या: माशादु द काश्त्रु संग्रहालय, जुनं कॅथेड्रल, केब्रा-कोश्ताशच्या पायऱ्या, आल्मेदिनाची कमान, शेवटी सांता क्रूझ चर्च. पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सु एन्रीकेश तिथेच पुरलाय.

संग्रहालयाखालचं रोमन तळघर चुकवू नका. उतारावर चौकासाठी सपाट जागा हवी म्हणून रोमनांनी कमानींचे दोन मजले रचले होते. सोमवारी संग्रहालय बंद, तेव्हा कोइंब्राचा दिवस सोमवारी येत असेल तर वार बदला. पावसात फरसबंदी फार निसरडी होते, गुळगुळीत तळाचे बूट नकोत.

शाकाहारींनी काल्दु व्हेर्द सूप मागवताना "चोरिसो नको" हे आधीच सांगावं, सॉसेजचे काप त्यात हमखास असतात. सांता क्लाराच्या गोड पेस्ट्र्यांत अंड्याचा बलक भरपूर.
– एक सभासद

वरच्या उत्तरात पोथ्या राहिल्या. त्या कोइंब्रात नाहीत, ब्रागाच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहेत: क्रमांक 771 आणि 772 कोकणी गद्य, 773 मराठी पद्य. सोळाव्या शतकातल्या रामायण-महाभारताच्या कथा, रोमन लिपीत लिहिलेल्या. ब्रागा पोर्तोच्याही उत्तरेला, त्याच दिवशी जमवू नका. पाहायच्या असतील तर ग्रंथालयाला आधी पत्र लिहून, हे क्रमांक देऊन परवानगी मागा.
– आणखी एक सभासद